शेतकी शाळेतील अखेरच्या वर्षांचे ऐच्छिक विषय

शेतकी शाळेत शिकणाऱ्या मुलाने अखेरच्या एकदोन वर्षांत कोणत्या शाखेचा विशेष अभ्यास करावा, हा प्रश्न वरवर पाहता शाळेच्या वेळापत्रकाचा वाटतो. परंतु ज्या घरी चारपाच एकर जमीन, दोन दुभती जनावरे आणि शिकणारे एकच मूल आहे, त्या घराच्या दृष्टीने तो प्रपंचाचा प्रश्न असतो. मुलाने फळबागेचा विषय घेतला आणि घरी विहिरीस पाणी नसले, तर त्या ज्ञानाचा उपयोग कोठे करावयाचा? मुलीने दुग्धव्यवसाय घेतला आणि पुढे तिचे मन नोकरीकडे वळले, तर दोन वर्षे फुकट गेली असे समजावयाचे काय? असे प्रश्न पालक ग्रामसेवकास व कृषी सहायकास वारंवार विचारतात. त्यांस उत्तर देताना, ज्या देशात अशा शाळा शतकाहून अधिक काळ चालत आल्या आहेत तेथील व्यवस्था माहीत असणे उपयुक्त ठरते. तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने होत.

तेथे माध्यमिक शाळेचा वरचा टप्पा सामान्यतः नववी ते बारावी असा चार वर्षांचा असतो. शेतकी माध्यमिक शाळेत इंग्रजी, गणित, शास्त्र व इतिहास हे विषय अन्य शाळांप्रमाणेच शिकावे लागतात; त्यांतून सुटका नसते. त्यांच्या जोडीस शेतकी विषय असतात, आणि विशेष म्हणजे निवडीचे विषय अखेरीस येतात, आरंभी नव्हे.

शिकागो शहराच्या नैर्ऋत्य भागात १९८५ साली अशी एक शाळा सुरू झाली. तिचे नाव ‘शिकागो हायस्कूल फॉर अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस’ असे असून तिच्याकडे सुमारे ७२ एकर जमीन आहे. एवढ्या मोठ्या नगराच्या हद्दीत गोठा, काचगृह व मक्याचे शेत असणे हीच नवलाची गोष्ट. तेथे येणारी बहुतेक मुले शहरवस्तीतील असतात. घरी शेत असणारे मूल विरळाच. पहिली दोन वर्षे सर्वांस सारखीच असतात. त्या अवधीत प्रत्येक विद्यार्थ्यास सर्व शाखांची तोंडओळख करून देण्यात येते, व मग अकरावी-बारावीसाठी एक शाखा निवडावयाची असते. पशुविज्ञान, उद्यानविद्या, अन्नविज्ञान, शेतीयंत्रे, शेतीचा अर्थव्यवहार आणि शेतीशिक्षण या शाखा तेथे शिकविल्या जात आल्या. जैवतंत्रज्ञानाची भर मागाहून पडली. शाळेच्या शेतातील भाजीपाला शाळेच्याच विक्रीकेंद्रावर विकला जातो. भाव ठरविणे, मालाची प्रतवारी करणे, गिऱ्हाइकाशी बोलणे ही कामे विद्यार्थ्यांस तेथेच शिकावयास मिळतात.

मॅसॅच्युसेट्स राज्यात एसेक्स व ब्रिस्टल परगण्यांच्या शेतकी शाळा १९१३ साली आणि नॉरफोक परगण्याची शाळा १९१६ साली सुरू झाली. त्या राज्यातील व्यवसायशाळांत नववीच्या मुलास एकामागून एक निरनिराळ्या विभागांत काही दिवस ठेवण्याचा प्रघात आहे. आज गोठ्यात, पुढे रोपवाटिकेत, त्यानंतर यंत्रशाळेत, अशी फेरी झाल्यावरच त्याची आवड विचारली जाते.

निवड उशिरा का?

चौदा वर्षांच्या मुलास ‘तुला काय आवडते?’ असे विचारले, तर तो आपणास जे ठाऊक आहे त्यातलेच सांगणार. जनावरे आवडतात असे म्हणणाऱ्या मुलाने बहुधा वासरास कुरवाळलेले असते. पहाटे चार वाजता उठून शेणघाण काढलेली नसते. यंत्रे आवडतात असे म्हणणाऱ्याने ट्रॅक्टर चालविलेला असतो, पण इंजिन उघडून त्यातील तेलकट भाग क्रमाने मांडलेले नसतात. आवड ही कामाच्या ओळखीनंतर येणारी गोष्ट असल्यामुळे, ओळख करून देण्यापूर्वी निवड करावयास लावणे म्हणजे बियाण्याची उगवण न पाहता पेरणी करण्यासारखे होय.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. विशेष विषय हा सामान्य विषयांच्या खांद्यावर उभा असतो. याचे एक उदाहरण सविस्तर पाहणे योग्य ठरेल. पशुविज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यास जनावरांचा खुराक तयार करण्याची एक रीत शिकविली जाते. तिला ‘पिअर्सनचा चौकोन’ असे म्हणतात. समजा, मक्याच्या भरड्यात शेकडा ९ आणि सोयाबीनच्या पेंडीत शेकडा ४४ प्रथिने आहेत, आणि शेकडा १६ प्रथिने असलेले मिश्रण हवे आहे. चौकोनाच्या मध्यभागी १६ हा आकडा लिहावयाचा, डाव्या बाजूस वर ९ व खाली ४४. मग तिरक्या दिशेने मोठ्यातून लहान आकडा वजा करावयाचा. ४४ मधून १६ गेले, २८ राहिले. हे मक्याचे भाग. १६ मधून ९ गेले, ७ राहिले. हे पेंडीचे भाग. एकूण भाग ३५ झाले. म्हणजेच १०० किलो मिश्रणात ८० किलो मका आणि २० किलो पेंड घालावयाची. पडताळा पाहावयाचा तर ८० किलो मक्यातून ७.२ किलो व २० किलो पेंडीतून ८.८ किलो, मिळून बरोबर १६ किलो प्रथिने येतात.

ही रीत अर्ध्या तासात शिकविता येते. परंतु शेकडेवारी ज्यास येत नाही त्यास ती जादूसारखी वाटेल; आणि प्रथिने म्हणजे काय, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चाऱ्याचे काय होते, हे ज्याने जीवशास्त्रात शिकलेले नाही, तो आकडे बरोबर मांडूनही गाईस आजारी पाडील. कारण केवळ प्रथिनांचा मेळ घालून खुराक पुरा होत नाही. वाळलेली व हिरवी वैरण, क्षार, मीठ, जनावराचे वजन, ती किती दूध देते, गाभण आहे की नाही, या सर्वांचा विचार करावा लागतो, आणि एकदम जास्त धान्य चारल्यास पोट बिघडते हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून हा धडा नववीत न ठेवता अखेरच्या वर्षांत ठेवलेला असतो. आपल्याकडे अनेक घरी आंबोण अंदाजाने कालविण्याची पद्धत आहे. जुन्या शेतकऱ्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. परंतु पेंडीचा भाव वाढला आणि दुसरी पेंड आणली, की तो अंदाज फसतो. अशा वेळी कागदावरचा चौकोन उपयोगी पडतो.

घरचा प्रकल्प

निवडलेल्या विषयाचा खरा अभ्यास कोठे व्हावा, याविषयी अमेरिकेत फार पूर्वी एक महत्त्वाचा प्रयोग झाला. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थँप्टन या गावी ऑलिव्हर स्मिथ नावाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्रातील निधीतून १९०८ साली एक शेतकी शाळा उघडण्यात आली. तिचे पहिले संचालक रूफस स्टिम्सन हे होते. त्यापूर्वी ते कनेक्टिकटच्या शेतकी महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. मोठ्या पदावरून ते एका गावच्या शाळेवर आले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

त्या काळी शेतकी शाळा म्हटली की मोठे शाळाशेत हवे, असाच समज होता. स्टिम्सन यांनी निराळा विचार केला. शाळेच्या शेतावर पन्नास मुले एका वाफ्याभोवती उभी राहतात. एकजण खुरपतो आणि बाकीचे पाहतात. पीक आले तर शाळेचे, बुडाले तर शाळेचे. मुलाचा त्यात जीव गुंतत नाही. शिवाय शाळा मुलास घरच्या शेतापासून नेमकी हंगामाच्या वेळी दूर नेते आणि बापाचा शिक्षणावरील विश्वास उडतो. यावर त्यांनी ‘घरचा प्रकल्प’ ही योजना आखली. मुलाने आपल्या घरीच जमिनीचा एक तुकडा, काही कोंबड्या किंवा एखादे जनावर स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे. त्यास लागणारे शास्त्र शाळेत शिकावे. दररोजचे काम व जमाखर्च वहीत लिहावा. आणि शिक्षकाने वेळोवेळी घरी येऊन काम पाहावे. वडिलांची संमती व सहकार्य हा या योजनेचा पाया होता. पाहता पाहता मुलाच्या वाफ्यात केलेली सुधारणा बापाच्या शेतात शिरू लागे. विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकास यातील मर्म सांगावयास नकोच.

पुढे २३ फेब्रुवारी १९१७ रोजी अमेरिकेत ‘स्मिथ-ह्यूज कायदा’ संमत झाला. त्यान्वये शेतकी व अन्य व्यवसायांच्या माध्यमिक शिक्षणास मध्यवर्ती सरकारचे साहाय्य मिळू लागले. त्यात एक अट अशी होती की शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली शेतावर प्रत्यक्ष काम केले पाहिजे. ते शेत शाळेचे असो वा दुसऱ्याचे. शाळांस उन्हाळ्याची सुटी असते आणि तिकडे पिकाचा मुख्य काळ नेमका तोच. त्यामुळे शेतकी शिक्षकास बारमाही नेमण्याची रीत पडली. वर्ग बंद असले तरी त्याची घरोघरची फेरी चालू राहिली.

या इतिहासास एक काळी बाजूही आहे. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा निराळ्या ठेवलेल्या होत्या. शेतकी विद्यार्थ्यांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ साली स्थापन झाली. कृष्णवर्णीय मुलांस १९३५ साली आपली वेगळी राष्ट्रीय संघटना उभारावी लागली, आणि दोन्ही संघटना १९६५ साली एक झाल्या. मुलींस तर पूर्ण सभासदत्व मिळण्यास १९६९ साल उजाडले. शेतात राबणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा केवढा असतो हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा विलंब विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही.

घरच्या प्रकल्पाची वही हा या पद्धतीचा प्राण होय, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. समजा, बारावीतील एका विद्यार्थिनीने घरच्या दहा गुंठे जमिनीत भाजीपाला घेतला. बियाणे, खत, औषधे व वाहतूक हा खर्च तिला सहज सुचेल. परंतु जमीन वडिलांची आहे म्हणून खंड लिहावयाचा नाही, पाणी घरच्या विहिरीचे म्हणून वीजबिलाचा वाटा धरावयाचा नाही, आणि खुरपणी आईने व तिने केली म्हणून मजुरी मांडावयाची नाही, असे केले तर वहीतील नफा खोटा ठरतो. गावातील चालू दराने घरच्या माणसांची मजुरी लिहावी लागते. उलट बाजूस, घरी शिजलेली भाजी विकलेली नसली तरी ती बाजारभावाने उत्पन्नात धरावी लागते. हा हिशेब पुरा झाल्यावर काही वेळा असे दिसते की ज्या पिकास घरचे सर्वजण किफायतीचे समजत होते, त्यात फक्त मजुरीच सुटली. तोट्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मुलास गुण कमी देऊ नयेत. तोटा कशाने झाला हे जो दाखवू शकतो, त्याचा विषय पक्का झाला असेच समजावे.

शेताबाहेरचे काम

आरंभीच्या काळात अशा शाळांचा उद्देश मुलास शेतकरी करणे एवढाच मानला जाई. १९६३ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने तेथे ही मर्यादा सैल केली. शेतकीच्या ज्ञानावर आधारलेले पण शेताबाहेरचे व्यवसायही, उदाहरणार्थ रोपवाटिका, यंत्रदुरुस्ती, बी-खतांचा व्यापार, अन्नप्रक्रिया व पशुवैद्याचा साहाय्यक, शाळेत शिकविण्यास मान्यता मिळाली. आज ऐच्छिक विषयांची जी लांबलचक यादी दिसते तिचे मूळ यात आहे. ज्याच्या घरी शेत नाही अशा विद्यार्थ्याचा प्रकल्प रोपवाटिकेत, पशुचिकित्सालयात किंवा दुकानात पगारी कामाच्या रूपाने होऊ शकतो. तेथेही वही व शिक्षकाची भेट सुटत नाही. आपल्याकडील भूमिहीन कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने ही सवलत लक्षात घेण्याजोगी आहे. शेतकी शिक्षण म्हणजे सातबारा असणाऱ्याचे शिक्षण, ही समजूत त्यामुळे दूर होते.

तरीही यादी लांब असणे म्हणजे शाळा चांगली असणे नव्हे. मत्स्यपालनाचा विषय ठेवावयाचा आणि तळे नाही, किंवा काचगृह आहे पण त्याची काळजी घेणारा जाणता माणूस नाही, तर तो विषय फळ्यावरच राहतो. चार विषय साधनांसह असणे हे दहा विषय नावापुरते असण्यापेक्षा केव्हाही बरे.

आपल्याकडील विचार

भारतातही या प्रश्नाचा ऊहापोह झालेला आहे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशी शाळांची कल्पना मांडली व निवडीच्या सात गटांत शेतीचा एक गट ठेवला. ग्रामीण शाळांत शेतीशिक्षणाची सोय असावी आणि त्यात फलोद्यान, पशुसंवर्धन व ग्रामोद्योग यांचा समावेश असावा, असेही त्याने सुचविले. त्यानंतर डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) मात्र सावधगिरीचा सूर लावला. कोवळ्या वयाच्या मुलांस कनिष्ठ शेतकी शाळांतून शेतीचा व्यवसाय शिकविण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत, तेव्हा तशा नव्या शाळा काढू नयेत. त्याऐवजी माध्यमिक शिक्षण पुरे केलेल्यांसाठी कृषी विद्यापीठांच्या जोडीने कृषी तंत्रनिकेतने असावीत, असे त्याचे मत पडले. दोन्ही आयोगांचे म्हणणे परस्परविरुद्ध भासले तरी ते तसे नाही. शेतीचा परिचय सर्वांस लवकर व्हावा आणि विशेष प्रावीण्य उशिरा यावे, असा त्यांचा मेळ घालता येतो, आणि वर वर्णिलेल्या अमेरिकी शाळांचा क्रमही तोच आहे.

महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रमात पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय यांसारखे विषय घेण्याची सोय ठेवण्यात आली. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत दहावीनंतरचे पदविका शिक्षणही मिळत आले आहे. या दोन वाटांचा हेतू निराळा आहे. पदविका ही व्यवसायाची वाट होय. अकरावी-बारावीचा विषय हा अन्य विषयांबरोबर चालणारा असल्याने पुढील वाटा मोकळ्या ठेवतो. पालकाने विचारल्यास ग्रामसेवकाने प्रथम हा भेद स्पष्ट करावा. विशेष विषय निवडताना शास्त्र व गणित सुटणार तर नाहीत ना, आणि सुटल्यास पदवीच्या प्रवेशाचे दार बंद होते की काय, हे त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका उघडून पाहावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये. त्यानंतर शाळेत जाऊन त्या विषयाची साधने डोळ्यांनी पाहावीत. दुग्धव्यवसायाच्या वर्गात दुधातील स्निग्धांश मापण्याचे उपकरण कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हाती आहे, हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

राहिला प्रकल्पाच्या वेळेचा प्रश्न. या बाबतीत महाराष्ट्राचे शाळावर्ष अमेरिकेच्या मानाने सोयीचे आहे. ते जूनमध्ये, म्हणजे खरिपाच्या पेरणीबरोबर सुरू होते. मात्र दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश पुरे होईपर्यंत बहुधा पेरणी उरकलेली असते, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, जेव्हा रब्बीचे पीक काढणीस आलेले असते. दोन्ही अडचणी टाळावयाच्या तर अकरावीत हरभरा किंवा गहू यांसारख्या रब्बी पिकाचा छोटा प्रकल्प द्यावा, आणि बारावीत खरिपाचा, सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीपाल्याचा मोठा प्रकल्प जूनमध्येच सुरू करावा. खरिपाचा माल दिवाळीच्या सुमारास घरी येतो व विक्री होते. वही डिसेंबरअखेर बंद करून पुढील दोन महिने मुलास परीक्षेसाठी मोकळे ठेवता येतात. दुभत्या जनावराचा प्रकल्प असल्यास त्यास हंगामाचे बंधन नाही. परंतु परीक्षेच्या काळात धार कोण काढणार व वहीत दुधाची नोंद कोण करणार, हे घरच्या मंडळींशी आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.